दर वर्षी चार वॉट

दर वर्षी चार वॉट कमी.
म्हातारपण असं आकड्यात मांडता येतं
हे मला या नोकरीत कळलं.

पुढं काय विझवायचं त्याची यादी
आर्तुरो सेपुल्वेदाच्या फळ्यावर.
कॅमेरे केव्हाच मिटले, बघण्यासारखं उरलं नव्हतं.
मग एक हीटर.
कण मोजणारं उपकरण उणे पस्तीसपर्यंत तगेल,
असं कागद म्हणत होता.
ते उणे साठला कुडकुडत
मोजतच राहिलं.
त्याला कुणी कागद दाखवला नव्हता.

आता नळ्या तुंबल्यात.
यान पृथ्वीकडे मान वळवतं, जेमतेम;
एक दिवस नाही वळवणार.
दुसऱ्या नळ्या आहेत, सदतीस वर्षं न उघडलेल्या.
त्या गोठल्यात. ऊब कुठून द्यायची?
विचारायला अल्टाडीनाला गेलो,
लॉइस ब्रॅनिगनकडे.

वय शहाऐंशी. गॅरेजभर खोकी,
उंदरांनी कडा कुरतडलेले आराखडे.
तिनं लिंबाचं सरबत दिलं, साखर विसरली.
आम्ही प्यायलो.
एका आराखड्यात एक तार होती,
कशाच्याच कामाची नसलेली,
शेजारी पेन्सिलीनं: असू दे.

"तुमचं अक्षर?"
"माझंच."
"का ठेवली होती?"
ती खूप वेळ बघत राहिली.
"त्या आठवड्यात हॉवर्डशी भांडले होते, वजनावरून.
नवरा नव्हे. दुसरा हॉवर्ड. वजनवाला."
एवढंच.

त्या तारेवरून ऊब नेता येत होती.
पण आज्ञा ठेवायची कुठे?
त्या स्मृतीत नवं काही घालायचं
तर जुनं काही पुसावं लागतं.
आर्तुरोनं यानाला गुरू विसरायला लावला:
तिथं पोचल्यावर काय करायचं, त्या सगळ्या ओळी.
पोचून जमाना झाला होता, तरी पुसताना
त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.
त्या जागेत ठिगळ बसलं, चार बाइट शिल्लक ठेवून.

बुधवारी रात्री नऊला पाठवलं.
जायला एकवीस तास, यायला एकवीस.
मधे मी कपडे धुतले,
दाढ दाखवून आले,
एक भांडं दोनदा घासलं.

शुक्रवारी दुपारी, तीन वाजून सहा मिनिटांनी,
पडद्यावरचा एक आकडा
तिसऱ्या दशांशस्थळी हलला.
मान वळली होती.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; आर्तुरो खाली बसला,
बुटाची नाडी बांधायला, जी सुटलेली नव्हती.

लॉइसला फोन केला.
"कुठली तार?" ती म्हणाली.
मी पहिल्यापासून सांगितलं, हळू,
जसं तिकडे सांगतो तसं:
एक शब्द,
मग थांबायचं.