तहान लागावी म्हणून

हॉजच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपतं
आणि दगडी गडगे तेवढे डोंगर चढत राहतात,
तिथून पहाटे तीनला मेटकाफचा फोन.
“मिस कर्णिक, म्हातारी पाणी पीत नाही.”
यॉर्कशायरमधली माणसं एवढंच बोलतात.
उरलेलं आपण गाडीत बसून ओळखायचं.

मार्चचं दहिवर. गोठ्यात एकच पिवळा दिवा.
टीझल, पाचवं वेत, विऊन चार दिवस,
मान कुशीकडे वळवून बसलेली.
कान गार.
चिमटीत धरलेलं मानेचं कातडं सोडलं
तरी तसंच उभं, आवरायचा राहून गेलेल्या तंबूसारखं.
डोळा इतका आत गेलेला
की पापणीखाली करंगळी मावली असती.
मागच्या डाव्या सडातून दूध आलं नाही,
आली पिवळट निवळी.
“माझा बाप चाखून बघायचा,” मेटकाफ म्हणाला,
“खारट लागलं की समजायचं.”

दुधात मिठाचा खडा पडला, असं आपण म्हणतो.
इथे बाहेरून कुणी काही टाकलं नव्हतं,
तिच्याच रक्तातलं मीठ कासेत झिरपलं होतं.

दाराशी दोरीला टांगलेला गुलाबी मिठाचा दगड
साऱ्या गोठ्याच्या जिभांनी पाट्यासारखा खोलगट झालेला.
दोन दिवसांत हिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.
टाकी दहा पावलांवर, काठोकाठ.
शिरांच्या भिंतींतून पाणी निसटतंय,
रक्त दाटतंय, हिशेब सांगतो
आता हिनं टाकी उपसायला हवी.
पण ताप आला की तहानेची घंटा
कुणीतरी फडक्यात गुंडाळून ठेवतं.
का, ते इतकी वर्षं शिकूनही
मला धड सांगता येत नाही.
आजारी जनावरानं पाणवठ्यावर जाऊ नये,
तिथे दात वाट बघत असतात,
असं कुठल्यातरी जुन्या रानात ठरलं असेल.
कदाचित. नसेलही.

“डोरीनही असंच करायची शेवटी,”
तो भिंतीला म्हणाला.
“चमचा ओठाला लावला की तोंड फिरवायची.
मला वाटायचं, माझ्यावर रागावली.”

मी शीर शोधत होते.

मग सुई. मग बाटली हात दुखेपर्यंत उंच धरून,
समुद्राच्या दुप्पट खारं पाणी, तीन लिटर.
कोरड पडलेल्या जिवाला मीठ!
कुणी म्हणेल, जखमेवर चोळतेय.
पण तहान अशी बाहेरून पाजता येत नाही,
आधी रक्त खारं करावं लागतं
आणि मग थांबावं लागतं, ते हाक मारेपर्यंत.

थांबलो.
पाच मिनिटं. वाऱ्यानं पत्रा वाजला.
आठ.
तिनं नाक चाटलं. एकदा. पुन्हा एकदा.
मेटकाफ कोमट पाण्याची बादली घेऊन धावला,
सत्तरीतला माणूस, धावला,
अर्धं पाणी त्याच्याच बुटांत.
तिनं तोंड घातलं डोळ्यांपर्यंत
आणि घशातून तो आवाज सुरू झाला,
जुन्या पंपाला पाणी लागतं तेव्हाचा.
दुसरी बादली. तिसरी. चौथीनंतर मी मोजलं नाही.

“हे माणसांना देत नाहीत का?”
“गायीच्या पोटात पाण्याचा साठा असतो, मिस्टर मेटकाफ.
मीठ आधी तिथून ओढून घेतं.
आपल्याकडे तसा साठा नसतो.”
खरं होतं ते.
त्यानं मान हलवली, रिकामी बादली पालथी घातली,
तिच्यावर बसून राहिला.

वाचेल का, त्यानं विचारलं नाही,
मीही बोलले नाही. ते उजाडल्यावर कळणार होतं.
निघताना दारातल्या दगडावरून बोट फिरवलं,
आणि का कोण जाणे, जिभेला लावलं.
मागे अजून ती पीत होती.