छेद शून्य असेल तिथे

प्रश्न तिसरा, गुण पाच.
आलेख काढा: क्ष वर्ग अधिक तीन
भागिले क्ष वजा एक.
मीच काढलेला प्रश्न, माटुंग्याच्या स्टाफरूममध्ये,
चहा येईपर्यंतच्या वेळात.

आता रात्रीचे साडेअकरा. चुनाभट्टी, चौथा मजला.
एक्केचाळीस पेपर झाले.
बेचाळिसावा ऋतिका लोंढेचा.
पेन्सिल बोथट. हाताला मात्र घाई नाही.

आधी तिने छेद पाहिला.
(वर्षभर घसा फोडून हेच सांगतो:
अंशाचं कौतुक नंतर करा रे,
आधी छेदाला विचारा, बाबा, तू शून्य कुठे होतोस?)
तो एकपाशी होतो.
तिथे तुटक उभी रेघ, पट्टी न घेता,
जरा डावीकडे कललेली.

मग अंश. तो कधीच शून्य नाही,
म्हणजे वक्र क्ष-अक्ष ओलांडणार नाही.
तिने लिहिलंय: ‘रस्ता क्रॉस करत नाही.’
‘रस्ता’खाली मी लाल रेघ मारली,
आणि लाल पेन खोडता येत नाही
हे मग आठवलं.

मग भागाकार. क्ष अधिक एक,
आणि उरलेले चार, क्ष वजा एकने भागलेले,
दूर जाल तसतसे विरत जाणारे.
तिरकी अनंतस्पर्शी.
हा शब्द ज्याने घडवला तो भेटायला हवा होता:
स्पर्श करीन म्हणतो
आणि तारीख देतो अनंताची.
लोंढ्यांच्या घरी ही तारीख ओळखीची आहे.
प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर, पंधरा वर्षं;
फी-सवलतीच्या अर्जावर पत्त्यापुढे ‘तात्पुरता’.
त्यावर सही माझी आहे.

मग विकलज. शून्य दोन ठिकाणी.
वजा एकपाशी शिखर, उंची वजा दोन.
तीनपाशी दरी, उंची सहा.
इथे पेन्सिल थांबलेली दिसते,
टोक रुतल्याचा काळा ठिपका,
आणि समासात, मुंगीच्या अक्षरात:
‘सर, शिखर खाली आलं आणि दरी वर. माझं काही चुकलं का?’

नाही गं.
तरी मी पुन्हा मांडून पाहिलं, पेपराच्या पाठीवर.
शिखर म्हणजे आपल्या शेजाऱ्यांपेक्षा उंच, एवढंच.
तुटक रेघेपलीकडे कोण किती उंचीवर
खड्ड्यात आहे, त्याला काय ठाऊक.
खिडकीबाहेर शीवच्या बाजूचा नवा टॉवर:
सात मजले नुसत्या गाड्यांचे,
त्यावर माणसं सुरू होतात.
तिथला सगळ्यात खालचा फ्लॅट
आमच्या गच्चीवरच्या टाकीच्याही वर आहे.
त्या घरातही कोणी म्हणत असेल,
आपण फारच खाली राहतो.

दुसरा विकलजही तिने काढला.
एकच्या अलीकडे ऋण, पलीकडे धन.
वक्राची पाठ वळते, पण वळली ती जागा
वक्रावर कुठेच नाही.

इथवर सगळं बरोबर. पण मग हे काय?
डावी फांदी पाताळात गेलेली, ठीक.
उजवी आभाळातून उतरलेली, तीही ठीक.
आणि त्या दोघींमध्ये
तुटक रेघेला लगटून
इतकी फिकी, की आधी कागदाची घडी वाटली,
एक जोडरेघ.

नातीच्या कंपासपेटीत खोडरबर आहे.
हॉलमध्येच, टीव्हीखाली.
मी खुर्ची मागे सरकवली सुद्धा.

मग बसलो.
लिहिलं: ‘ही रेघ नको. इथे फलनच नाही.’
वर, तिच्या प्रश्नाशेजारी: ‘चुकलं नाही.’
साडेचार.

अर्धा गुण कापताना पेन अडखळलं,
शाई संपत आली असावी.
उद्या तासाला तिला फळ्यापाशी बोलवीन,
विचारीन, पाताळातून निघालेला हा तुझा जिना
कितव्या मजल्यावर पोचतो?
ती काहीतरी सांगेल. ती सांगतेच.

त्रेचाळिसाव्या पेपरात नुसते दोन अक्ष आहेत,
नीट, पट्टीने काढलेले,
आणि खाली: ‘वेळ संपली.’