खळं

सकाळी साडेआठला इनक्युबेटरचं दार उघडते
तेव्हा येणारा वास मी घरी कधी कुणाला सांगितला नाही.
उबदार, आंबूस, कुणाच्या तरी अपुऱ्या झोपेसारखा.
बावीस वर्षं झाली घाटकोपरच्या या खोलीत,
नाक आता तक्रार करत नाही.

नमुना चारशे सतरा.
चंचला तरे, वय चौतीस, राहणार भांडुप.
जळजळ, ताप, चौथ्यांदा.
'चौथ्यांदा'खाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढल्यात.

काल दोन प्लेटांत मिळून बारा टिकल्या ठेवल्या,
कागदाच्या, पांढऱ्या, प्रत्येकीत एकेक औषध मुरलेलं.
औषध चाललं तर टिकलीभोवती जागा मोकळी होते.
पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे,
मी खळं म्हणते.
चंद्राला पडतं ते. आणि आमच्या देवगडकडे
दारापुढच्या सारवलेल्या अंगणालाही खळंच म्हणतात.

पहिलीला खळं नाही.
दुसरीला नाही.
तिसरीला तर ते असे खेटून वाढलेत
जसे भर उन्हात भिंतीच्या सावलीला बसलेत.
पट्टी माझ्या हातात तशीच, मोजायला मिलीमीटर नाही.

नमुना देताना बोलली होती थोडं:
मुलुंडचा टोलनाका, लेन सहा, काचेची केबिन.
संडास पाच लेन ओलांडून पलीकडे,
आणि ट्रकवाले ओळखतात बाई कशाला पळतेय ते.
म्हणून मग पाणीच नको.
मग जळजळ. मग मेडिकलवाला, त्याची ती कात्री:
दहाच्या पाकिटातून तीन गोळ्या,
एक्सपायरी उरलेल्या तुकड्यावर.
दोन घेतल्या की बरं वाटतं.
तिसरी नणंदेला.

जंतूंवर रागावता येत नाही मला.
वीस मिनिटांत एकाचे दोन होणारे ते,
त्यांच्यातला एखादा अर्ध्या औषधातून वाचतो,
आणि कसा वाचला ते शेजाऱ्याला देतो
भिंतीवरून वाटीभर विरजण द्यावं तसं.
सकाळपर्यंत सगळी आळी एका चवीची.

चंचलाच्या नाक्यावर दांडा खाली येतो,
पावती फाटते, मग वर जातो.
इथे अकरा दांडे वरच आहेत
आणि कुणी थांबत नाही.

बारावी टिकली.
जुनं औषध, माझ्या शिकाऊ दिवसांतलं,
मधली काही वर्षं कुणी विचारत नव्हतं त्याला.
पट्टी लावते. अठरा.
पुन्हा लावते,
कारण सोळा आणि अठरा यांच्यामध्ये
बोटं मायेने खोटं बोलू शकतात.
अठरा.
एवढंसं खळं. एक तुळस मावेल, बस.

दुपारी रिपोर्ट न्यायला आली.
"कुठलं तरी उरलंय ना, ताई?"
डॉक्टर सांगतील, म्हटलं. मला सांगायचा अधिकार नाही.
पण मान हलली असावी माझी,
कारण ती बाकावर टेकली, पर्समधून बाटली काढली,
भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
ड्यूटी तीनला.
अंगठ्याने बाटलीवर एक खूण धरली
आणि तिथपर्यंतच प्यायली.