अकरा किलो

सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत, सहा पायऱ्या उतरून
तळघरातलं दुकान.
बाहेर सेहेचाळीस अंश.
निखाडेंचा पोरगा तीन डबे मांडून उभा,
"काका, मोठा घ्या. याच्यावर तर एसी पण चालते."

गुणवंत वाकून मागची पाटी वाचतो,
चष्मा कपाळावर, बोट अक्षरांखालून सरकवत.
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं
दोनशे दहा मेगावॅटच्या काट्याकडे असाच बघायचा,
अर्धं शहर त्याच्या ड्युटीवर पंखे लावून झोपायचं.
"सेल कोणते? सायकल किती? साइन वेव्ह शुद्ध आहे ना?"
पोरगा 'काका'वरून 'सर'वर येतो.

मी विचारते, वजन किती.
"बावीस किलो, मॅडम. पण हँडल आहे न."
हँडल आहे. धरते, उचलते,
गुडघ्यापर्यंत येतो, पुढे येत नाही.
बाप्पा! म्हणजे हा घरीच बसणार,
टीव्हीखाली, क्रोशाचा रुमाल पांघरून.
छोटा मात्र जेवणाच्या डब्याइतका हलका,
पण त्यात रात्र मावत नाही.

आमचा हिशेब एसीचा नाहीच.
फ्रिजचा नाही, कूलरचाही नाही;
कूलर बंद पडला तर ओला पंचा आहे, गच्ची आहे.
हिशेब त्या राखाडी यंत्राचा,
जे रात्रभर नळीतून गुणवंतच्या नाकात हवा ढकलतं.
जुन्या बिलाच्या पाठीवर मांडते:
चाळीस वॅट, आठ तास,
डबा स्वतः खातो ते वेगळं,
तीनशे ऐंशीच्या आसपास.
दोन रात्री हव्यात. म्हणजे मधला, हजाराचा.

"दोन रात्री काऊन?" पोरगा विचारतो.
कोलितमाऱ्याला जायचं आहे, पेंचच्या पाण्याकाठी.
पूर्वी जायचो, ताडपत्री आणि वातीचा स्टोव्ह घेऊन,
गुणवंत पहाटे टिटवीला नावं ठेवायचा.
सहा वर्षं झाली,
जिथे भिंतीत प्लग नाही
तिथे हा माणूस झोपला नाही.

एक गोष्ट मी दुकानात सांगत नाही.
मे महिन्यात लाईन जाते तेव्हा
पंखा थांबायच्या आत मी उठलेली असते.
पात्यांचा आवाज नुसता सैल पडला
की माझा हात त्याच्या मास्कवर.

मधला अकरा किलोचा.
उचलते, दुकानात एक फेरी मारते,
मग पायऱ्या चढून रस्त्यापर्यंत.
पोरगा मागून धावतो, "मॅडम, बिल!"

त्याच रात्री परीक्षा.
गुणवंतनं स्वतः मेन स्विच पाडला,
जुन्या सवयीनं वहीत वेळ टाकली, २२.४०.
मानेवाड्यातली आमची सगळी गल्ली लख्ख,
आमचंच घर काळं.
बारापात्रेबाई गच्चीवरून ओरडल्या,
"तुमच्याच इकडची गेली का जी?"
"नाही हो, आम्हीच घालवली."

अंधारात हिरवे आकडे. शंभर. शहाण्णव.
दुधापाशी उभं राहतात ना,
तशी मी त्यांच्यापाशी बसून राहिले.
उकाड्यात चादरही नको झालेली,
यंत्र आपलं भरतीसारखं येत-जात.
शहाऐंशीपर्यंत आठवतं.

उठले तेव्हा ऊन कॅलेंडरवर आलेलं.
डब्यावर बासष्ट.
वही उशाशी उघडी, त्याचं ताठ अक्षर:
'००.४०, लोड स्थिर.
०१.५०, मिसेस झोपल्या.
०३.००, लोड स्थिर. मिसेस घोरतात.
०५.१५, लाईन गेली असती तरी उठल्या नसत्या.'

"काऊन जी, झोपले नाही तुम्ही?"
"ड्युटी होती," म्हणाला,
गालांवर मास्कचे वळ तसेच घेऊन,
आणि जाऊन मेन स्विच वर केला.
सगळं घर एकदम गुरगुरलं,
आधी फ्रिज.