विरजण

पहिल्या रात्री वाटलं, थंडी.
गाडगं गोणपाटात गुंडाळून वैलाशी सरकवलं.
सकाळी दूध तसंच,
पातळ, काही घडलंच नाही अशा तोंडाचं.

दुसऱ्या रात्री तुळसाक्काचं विरजण आणलं.
लग्नात तिच्या आईनं हलशीहून वाटीतून धाडलेलं,
नंदगडच्या अख्ख्या गल्लीत फिरलेलं,
चाळीस वर्षांत एकदाही न मेलेलं.
माझ्या दुधात ते मेलं.

सासू म्हणाली, दिष्ट. मीठ-मोहरी उतरली.
तुळसाक्का काही बोलली नाही,
फक्त वाटी न्यायला स्वतः न येता
नातवाला धाडलं.

मोरी मात्र सुधारत होती.
कासेतला दगड विरघळलेला,
पाय न झाडता धार देत होती.
त्या पहिल्या सकाळीच होळेप्पा डॉक्टर आलेला फटफटीवर,
सडात नळी घालून मलम पिळून गेला,
जाताना कायतरी सांगितलं कन्नडात.
मी मान हलवली.
मान हलवायला भाषा लागत नाही.

चिठ्ठी कोनाड्यात होती, काडेपेटीखाली.
प्रणोती सहावीत, कन्नड शाळेत.
बोट ठेवून वाचली तिनं:
मूरु दिन हालु बळसबेडि.
"तीन दिवस दूध वापरायचं नाही, आई."
मग पुस्तकातलं सांगितलं:
विरजण म्हणजे जीव, बारीक, न दिसणारे.
औषध जीव मारतं.
रोगाचा कुठला, आपला कुठला,
ते त्याला कुठं कळतंय?

मी हिशेब केला.
बेळगावच्या कुंदेवाल्याला पाच लिटर.
त्याचं काही बिघडलं नसेल,
खवा आटवायला कुणी जिवंत लागत नाही.
आणि शाळेतल्या बाईंच्या तान्ह्याला
रोज अर्धा लिटर.

उठले. वाटभर शब्द जुळवत गेले,
दारात एकही जुळेना.
चिठ्ठीच पुढं केली.
बाईंनी वाचली, आत गेल्या.
मोरीत पातेलं ओतल्याचा आवाज आला.
बाहेर येऊन तीन बोटं दाखवली, भुवया उंचावून.
मी एक मिटलं, मग दुसरंही.
एकच दिवस राहिला होता.
त्या हसल्या नाहीत, पण दार उघडंच ठेवलं.

पाचव्या रात्री वाटी घेऊन मीच गेले तुळसाक्काकडं.
सगळं सांगितलं. ती म्हणाली,
"म्हंजे दिष्ट न्हवं?" जरा हिरमुसलीच.
चमचाभर दिलं.

सकाळी गाडगं तिरकं केलं.
हललं नाही.
पहिली वाटी तिलाच नेली, तिचंच,
थोडं आंबट.