सतरा नंबरचं शेवटचं पान

आठ भागांची मालिका आहे, आज तिसरा.
नाइट ड्युटी संपवून मेयोतून आले,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं
आणि वाळ्याचा वास सुटेस्तोवर टीव्हीसमोर बसले.
पडद्यावर एक प्रोफेसर, मागं पुस्तकांची भिंत.
सांगतायत, महानायक मंदीत जन्मले,
बेकार माणसांच्या शहरात,
स्वस्त कागदावर.
डबिंगचा आवाज हिंदी, भारदस्त,
निवडणुकीचा निकाल सांगावा तसा.

मग एक पान मोठं करून दाखवतात.
ठिपके, नुसते ठिपके,
लाल ओठांबाहेर गेलेला, निळा दंडाबाहेर.
छपाईतली चूक, म्हणतात प्रोफेसर.
चूक?
आम्हाला वाटायचं तो इतक्या जोरात पळतो
की रंग मागं राहतो.

तांडापेठेत एकेक माग बंद पडत होता त्या वर्षांत
मुरलीधर निमजेनं आपला विकला
आणि खाटेवर कॉमिक्स मांडली.
पाच पैसे, तिथंच बसून.
घरी न्यायचं तर दहा, अन् बापाचं नाव सांगायचं.
पोट्टे पायऱ्यांवर चिकटून बसायचे.
पोरीनं बसू नये असं कुणी म्हटलं नव्हतं,
फक्त कुणी सरकलं नव्हतं.
मी निमजेच्या पाठीशी उभी राहून वाचायची, तिरपं.
पेशंटचा कागद अजून तशीच वाचते.

त्याचं नाव इंग्रजी होतं, कुणाच्या जिभेवर बसेना.
आम्ही म्हणायचो दुपट्टेवाला.
पाठीवर लाल दुपट्टा, तोंडावर फडकं.
त्यात काय एवढं बे, गुलाब हेडाऊ म्हणायचा,
मे महिन्यात माही मावशी बी असंच बांधून जाते बजारात.

सतरा नंबरला शेवटचं पान नव्हतं.
दुपट्टेवाला पुलाखाली, पूल खांद्यावर,
वर आगगाडी अडकलेली, डबे भरून माणसं,
हात थरथरतायत, आणि
"आता—"
पुढं पिनेचं भोक.

पोट्ट्यांनी दोन दिवस निमजेचं डोकं खाल्लं.
तिसऱ्या दिवशी पान होतं.
विणकर सोसायटीच्या हिशोबवहीचं, रेघांसकट,
लुगड्याची नक्षी काढायच्या पेन्सिलीनं काढलेलं.
पूल त्याला येत नव्हता, काठ येत होता.
म्हणून पुलाला करवतकाठ.

चौकटी चार.
माणसं डब्यातून एकेक उतरतात, एक म्हातारी बोचकं विसरून परत जाते.
मग त्याचे हात सुटतात, पूल पडतो, रिकामा.
तिसऱ्या चौकटीत तो नुसता बसलेला,
ताकद संपलेली.
चौथीत नळाच्या रांगेत, हातात बादली,
आणि पुढची बाई वळून म्हणते,
"या भाऊ, तुम्ही आधी भरा."

हा काय शेवट हाय काय बे, गुलाब चिडला.
पाच पैशात एवढाच येते, निमजे म्हणाला.

आणि आज, जाहिरातीनंतर,
अचानक तेच पान. अस्सल.
हातमोजे घातलेला एक माणूस काचेवर ठेवून उलटतो.
दुपट्टेवाला पूल उचलतो. एका हातानं.
हसतो. उडून जातो.
डब्यातून कुणीही उतरत नाही,
म्हातारीही नाही.
आवाज लिलावातली किंमत सांगतो, शून्यं मोजत.

आमचा सतरा नंबर रद्दीत गेला,
अडीच किलोच्या गठ्ठ्यात, काठाच्या पुलासकट.
निमजेच्या पोरानं सायकलवर बांधून नेला.
मी बघितलं होतं. मागितला नाही.

काल रात्री लिफ्ट बंद होती.
मी आणि वॉर्डबॉय ढोमणे,
एका माणसाला स्ट्रेचरवर तीन मजले चढवला,
ढोमणे पायाकडे, मी डोक्याकडे.
तो सारखा विचारत होता, जड तर नाही ना, सिस्टर?

कप उचलते तर चहा बशीत सांडतो,
रंग रेघेबाहेर जातो तसा.
आता—
खालून कुणीतरी ओरडतं, नळ आला.
टीव्ही चालू राहू दे.
दुपट्टा कुठं ठेवला मी.