अकरा मिनिटांनी थोरली

द्रुपदी माझ्याहून अकरा मिनिटांनी थोरली.
बाबांच्या चावीच्या घड्याळात बघून कुणीतरी
पंचांगाच्या पाठीमागे लिहून ठेवलंय.
तेवढ्या भांडवलावर तिने जन्मभर मला दटावलं.

मग मी दीपगृहावर लागलो, जयगडला.
समुद्रापासून साठ मीटर वर, तीस वर्षं, रात्रपाळी.
ती खाली खाडीत, गुडघाभर चिखलात,
ओहोटी गाठून तिसऱ्या काढायला.

परवा तिचा नातू आला, हृषी. फिजिक्स शिकतो.
म्हणाला, आजोबा, उंचावर काळ जरा घाईत असतो,
जमिनीलगत रेंगाळतो.
वर बसून बसून तुम्ही जास्तीचे म्हातारे झालात.
किती रे?
वहीत मांडून म्हणाला, तीन मायक्रोसेकंद.
सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, त्यातले तीन.

म्हणजे माझं घड्याळ पुढे गेलं म्हणायचं?
नाही, म्हणाला. घड्याळं दोघांचीही बरोबर.
काळच दोन होते.

मग अकरा मिनिटं फेडून थोरला व्हायला?
पुन्हा आकडेमोड. सहा अब्ज वर्षं, रात्रपाळीच धरून.
तोवर सूर्य विझलेला असेल, आजोबा.
बरं, म्हटलं. दिवेवाल्याची नोकरी तरी टिकेल.

द्रुपदी तिसऱ्या धूत होती. मान वर न करता म्हणाली,
"म्हंजे मरेस्तवर धाकलाच तू. जा, इळी आण."

विळी आणता आणता ती रात्र आठवली,
तिच्या यशवंताची होडी आली नाही ती.
वाऱ्याने काचा थरथरत होत्या. मी वर, दिव्यापाशी.
दर दहा सेकंदांनी उजेडाची कड किनाऱ्यावरून सरके
आणि तेवढ्यात ती दिसे,
वाळूत उभी. मग अंधार. मग पुन्हा ती, तिथेच.
पहाटेपर्यंत.

हृषी, तुझ्या हिशेबाने
त्या रात्रीही खाली काळ थोडा कमीच भरला.
वरच्या माझ्या रात्रीहून
वाळूतली तिची रात्र लहान होती.

एकदा तपासून बघ, बाळा.
कुठेतरी हातचा राहिला असेल.